रविवारच्या संगणक वर्गाच्या मॅडमला जाहीर पत्र

प्रिय मॅडम,

वर्गात मी तुला अहो-जाहो करते, पण पत्रात अगं-तुगंच करणार. माझ्या अंगणवाडीतून बाहेर पडलेल्या पोरी आज तुझ्या वयाच्या आहेत. नाव लिहू नका असं तू बजावलंस, म्हणून लिहीत नाही. वाईत ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

तू यायच्या आधीचं तुला माहीत नाही, म्हणून थोडं सांगते. वाचनालयाच्या माडीवर कुणीतरी जुने संगणक देणगी दिले. फीत कापली, फ्लेक्स लागला, पेढे वाटले, फोटोसाठी आम्हा बायकांना पुढच्या रांगेत बसवलं. नंतर बरेच दिवस त्या संगणकांवर प्लॅस्टिकची कव्हरं होती. मग हौसेने शिकवायला मुलं आली. मनाने चांगली होती पोरं, ते नाकारत नाही. पण त्यांनी फळ्यावर संगणकाच्या पिढ्या लिहून सुरुवात केली. पहिली पिढी, दुसरी पिढी, इनपुट, आउटपुट. माझ्या शेजारच्या आजोबांना शेताचा सातबारा काढायला शिकायचं होतं, त्यांना पिढ्या काय कामाच्या? आणि कुणी अडलं की मागून हात यायचा, माउस काढून घ्यायचा, खटखट दोन-चार वेळा दाबायचा आणि वर, "झालं बघा काकू." झालं खरं, पण ते त्याचं झालं.

त्याही आधी पैसे भरून एक क्लास लावला होता. तिथला मुलगा माझ्याशी बोललाच नाही, सोबत आलेल्या माझ्या लेकाशी बोलला. "यांना कशाला या वयात त्रास? घरी कुणी नाही का करून द्यायला?" मी तिथेच बसलेली होते. फी मात्र परत दिली नाही.

सरकारचंही तसंच. 2017 मध्ये डिजिटल साक्षरतेची मोठी योजना आली, खेड्यापाड्यांतल्या सहा कोटी घरांसाठी, घरटी एक माणूस. वयाची अट 14 ते 60. मी तेव्हा साठी ओलांडली होती. गंमत बघ, अंगणवाडी सेविका म्हणून माझी नोकरी 65 पर्यंत होती, आणि शेवटी शेवटी हातात फोन देऊन सगळी माहिती त्यातच भरा म्हणाले, तीही इंग्रजीतून. 2021 मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी ते फोन परत केले, ते उगाच नव्हे. म्हणजे शिकायला मी म्हातारी आणि भरायला मात्र तरणी!

असो. तुझ्यावर येते.

अंगणवाडीची 11 रजिस्टरं वर्षानुवर्षं भरून माझ्या उजव्या हाताची बोटं धरलेली असतात. डबल क्लिक म्हणजे माझा छळ होता. पहिली टिचकी आणि दुसरी टिचकी यांच्यात अंतर पडायचं. फाइल उघडायची तर नाहीच, उलट तिचं नाव निळं व्हायचं आणि पुढे मी काही टाइप केलं की नावच बदलून जायचं. यावरून आधीच्या मुलांची बोलणी खाल्ली आहेत मी. "काकू, जोरात नाही, पटकन दाबायचं." पटकन दाबता आलं असतं तर दाबलं नसतं का रे बाबा?

तू काही बोलली नाहीस. थोडा वेळ माझ्या हाताकडे बघत राहिलीस. मग सेटिंगमध्ये जाऊन माउसचं पान उघडायला लावलंस, मलाच. तुझे हात पाठीमागे होते, हे माझ्या लक्षात आहे. तिथे एक पट्टी होती, ती मला हळूच्या बाजूला सरकवायला लावलीस. शेजारी एक छोटंसं फोल्डरचं चित्र होतं, त्यावर टिचकी मारून बघा म्हणालीस. मी माझ्या गतीने दोनदा दाबलं आणि ते फोल्डर उघडलं. तू एवढंच म्हणालीस, "हे मशीन अर्धा सेकंदच थांबत होतं. आता जरा जास्त थांबेल."

घरी जाऊन मी ते कितीतरी वेळ आठवत बसले. इतके दिवस मला वाटायचं की माझ्यातच काही कमी आहे. आणि ती एका पट्टीची गोष्ट होती! आधीच्या कुणालाच ती पट्टी माहीत नसेल, असं मला नाही वाटत. त्यांना माझ्या हाताकडे बघायला सवड नव्हती.

पण हे पत्र लिहायला बसवलं ते पुढच्या रविवारने. माझी खिडकीजवळची जागा कुणीतरी धरली होती, म्हणून मी कोपऱ्यातल्या मशीनवर बसले. मनात धाकधूक, कारण पट्टी तर त्या पहिल्या मशीनवर सरकवली होती. दाबलं, तर फाइल उघडली. मग मी मुद्दाम उठून दुसऱ्या मशीनवर गेले, तिथेही तेच. वर्ग भरण्याआधी येऊन तू सगळ्या मशीनच्या पट्ट्या सरकवून ठेवल्या होत्यास. कुणाला सांगितलं नाहीस, आम्हा म्हाताऱ्यांसाठी वेगळं मशीन ठेवून त्यावर पाटी लावली नाहीस. आणि ज्यांचे हात चपळ आहेत, त्या कॉलेजच्या पोरांना काही कळलंसुद्धा नाही, कारण पटकन दाबलं तरी ते चालतंच. कुणाचं काही न घेता दुसऱ्याला जागा करून देता येते, हे किती सोपं आहे गं! एसटीत खिडकी धरणाऱ्यांपासून मंत्रालयात अटी लिहिणाऱ्यांपर्यंत कुणालाच ते सुचत नाही.

बाकी वर्गाचं काय काय बदललंस, ते सगळे बघताहेतच. घरून कुठलं काम आणलंय, हे तू आधी विचारतेस आणि तिथूनच धडा सुरू करतेस. आजोबांनी पंधरा रुपये भरून डिजिटल सहीचा सातबारा स्वतः काढला, तेव्हा ते तो कागद माडीवरच्या प्रत्येकाला दाखवत हिंडले. मराठी कीबोर्डवर बहुतेक अक्षरं उजव्या हाताला आणि मात्रा डाव्या हाताला, हे कळल्यावर माझी बोटं बरी चालायला लागली. हे पत्रही मीच टाइप केलंय, लेकाने फक्त ऱ्हस्व-दीर्घ तपासलं. आणि विश्वकोश! त्याचा पहिला खंड 1976 मध्ये निघाला, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली, आमच्याच गावात. त्या कचेरीवरून मी जन्मभर ये-जा केली, आत पाऊल टाकायची कधी हिंमत झाली नाही. तुझ्या वर्गात पडद्यावर हळदीची नोंद उघडली आणि सबंध वाचून काढली. आमच्या रानातलं पीक, पण त्यातलं निम्मं मला नवीन होतं.

आठवडाभर पुण्यात नोकरी करून शनिवारी रात्री स्वारगेटहून उभ्याने येतेस, हे तुझ्या आईकडून कळलं. ती काळजीत असते. मी तिला म्हटलं, पोरगी आमची पण आहे.

दोन मागण्या आहेत. एक वाचनालयाच्या कमिटीकडे. नवीन शिकवणारे येतील, त्यांना पहिल्या दिवशी ती पट्टी दाखवा आणि माउसला हात लावायचा नाही हे सांगा. यूपीएसची बॅटरीही बदला, लाइट गेली की आमचं लिहिलेलं जातं. दुसरी तुझ्याकडे. दिवाळीनंतर तुझी बदली होईल असं ऐकतेय. झाली तर आधी सांग, ऐनवेळी नको. निदान नवशिक्या बायकांना तरी मी बसवून घेईन, पण पैशांच्या व्यवहाराचं अजून मला नीट येत नाही, ते तेवढं शिकवून जा.

रविवारी डबा आणू नकोस. वर्ग सुटला की आमच्याकडे ये, भाकरी-पिठलं करते.

तुझी विद्यार्थिनी,
एक निवृत्त अंगणवाडी सेविका, वाई