नर्सिंगच्या पदव्युत्तर वर्गापर्यंत कोण पोहोचते?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

२०२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात वैद्यकीय महाविद्यालयांना जोडून १५७ नवी नर्सिंग महाविद्यालये उभारण्याची घोषणा झाली, तेव्हा आनंद झाला आणि काळजीही वाटली. तिथे शिकवणार कोण? नर्सिंगमध्ये प्राध्यापक व्हायचे तर एम.एससी. लागते, त्यामुळे त्या वर्गात आज कोणत्या घरांतली मुले-मुली बसली आहेत, यावरच उद्याचे शिक्षक कोण असतील हे ठरते.

अमरावतीत अनेक वर्षे शिकवताना मेळघाटातल्या कोरकू मुली बी.एससी. नर्सिंगला आलेल्या मी पाहिल्या, एम.एससी.ला मात्र फार क्वचित. गुणांची अडचण नसते. प्रवेशासाठी पदवीनंतर एक वर्षाचा अनुभव लागतो आणि तो मिळवायला मुलगी बहुधा प्राथमिक आरोग्य केंद्रात कंत्राटी नोकरी धरते. वर्षभरात घर तिच्या पगारावर चालू लागलेले असते. माझी एक विद्यार्थिनी सामुदायिक आरोग्य परिचर्या हा विषय घेऊन पुढे शिकायला उत्सुक होती. शिष्यवृत्तीतून शुल्काची सोय झाली असती, पण दोन वर्षांचा बुडालेला पगार कोण देणार, आणि परतल्यावर ती जागा शिल्लक असेल का, याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. ती आली नाही. बाळंतिणीशी कोरकूत बोलू शकणारी, कुपोषणाचा प्रश्न घरातून पाहिलेली प्राध्यापिका आपण तिथेच गमावली, याची खंत मला आजही आहे.

एम.डी. करणाऱ्या निवासी डॉक्टरला विद्यावेतन मिळते, कारण तो शिकता शिकता रुग्णसेवाही करतो. एम.एससी.ची विद्यार्थिनीही वॉर्डात पाळ्या करते, रुग्ण सांभाळते आणि त्यातूनच आपला लघुप्रबंध लिहिते. तरीही आमच्याकडे तिला दरमहा काहीच मिळत नसे. लग्न झालेल्या, लेकुरवाळ्या परिचारिकांची अडचण तर याहून मोठी. राखीव जागांमुळे दार उघडते हे खरे, पण आत दोन वर्षे तग धरायला हाती पैसा लागतो.

म्हणून शासनाने एम.एससी. नर्सिंगच्या प्रत्येक विद्यार्थ्याला विद्यावेतन द्यावे आणि आदिवासी भागातल्या कंत्राटी परिचारिकांना, जागा राखून ठेवून, दोन वर्षांची अध्ययन रजा मंजूर करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त नर्सिंग प्राध्यापिका, अमरावती