रविवारची मीटिंग: अँटिबायोटिक चालू असलेल्यांनी वाचाच

नमस्कार डायलिसिसवाली मंडळी, येत्या रविवारी सकाळी ११ ला बेळगावच्या टिळकवाडीत नेहमीच्या हॉलवर मीटिंग हाय, खानापूर-निपाणीकडनं येणाऱ्यांनी बसचं बघून निघा, आणि ज्यांचं त्या दिवशी डायलिसिस आहे त्यांनी ते चुकवून येऊ नका, घरच्या कुणाला तरी पाठवा.

विषय अँटिबायोटिक आणि रक्त. कॅथेटरला (डायलिसिससाठी शिरेत घातलेल्या नळीला) इन्फेक्शन झालं की ही औषधं लागतातच, भिऊन मधेच बंद करायची नाहीत. पण किडनी चालत नसली की काही औषधं, त्यांचे अंश अंगात साठतात. लिनेझोलिड या अँटिबायोटिकचंच बघा, कोर्स १०-१४ दिवसांच्या पुढं गेला की प्लेटलेट (रक्त थांबवणाऱ्या पेशी) उतरू शकतात आणि आपल्यासारख्यांत ते जास्त दिसतं, म्हणून आठवड्याला एकदा सीबीसी (रक्तपेशी मोजायची तपासणी) करायचं का ते डॉक्टरांना विचारा. वॉर्फरिन (रक्त पातळ करायची गोळी) घेणाऱ्यांनी सिप्रोफ्लॉक्सासिन, मेट्रोनिडाझोल असलं काही नवीन अँटिबायोटिक सुरू झालं तर आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ती तपासणी) कधी बघायचा तेपण विचारून घ्या.

हे दिसलं तर मशीनवर बसायच्या आधीच सिस्टरला सांगा, कारण डायलिसिसला वरनं हेपारिन (रक्त गोठू न देणारं औषध) मिळतंय:
- हिरड्यांतनं, नाकातनं रक्त
- अंगावर लाल-जांभळे ठिपके
- सुया काढल्यावर रक्त लवकर न थांबणं
- काळी संडास (लोहाच्या गोळीनंही होते, तरी सांगा)

येताना फाइल, शेवटचा सीबीसी रिपोर्ट आणि गोळ्यांची पाकिटं आणा. नुसतं "ती लाल गोळी" म्हटल्यावर कुणाला काय कळणार! आणि मेडिकलमधनं स्वतःच्या मनानं अँटिबायोटिक आणून खाऊ नका.