फ्युकॉइडनच्या बाटलीत स्टार्च निघाल्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. जानेवारीत अमावास्येच्या ओहोटीला आमच्या एम.एस्सी.च्या मुलींनी गुडघाभर पाण्यात उतरून खडकांवरचं सरगॅसम हे तपकिरी शेवाळ गोळा केलं. ते धुऊन, वाळवून, गरम पाण्यात अर्क काढला, कॅल्शियम क्लोराइडने अल्जिनेट (शेवाळातला दुसरा चिकट घटक) वेगळं केलं आणि अल्कोहोल घालून फ्युकॉइडन, म्हणजे तपकिरी शेवाळातली सल्फेटयुक्त बहुशर्करा, खाली बसवलं. ते ताडून पाहायला तुमची 1 ग्रॅमची बाटली मागवली. लेबलवर लिहिलंय : वाकामे शेवाळापासून, शुद्धता 85 टक्के.

तुमच्या पावडरीच्या द्रावणात आयोडीनचा एक थेंब पडला आणि परीक्षानळी गर्द निळी झाली. वाकामे हे तपकिरी शेवाळ आहे. ते आपलं अन्न लॅमिनॅरिन आणि मॅनिटॉलच्या रूपात साठवतं, त्यात स्टार्च नसतोच. म्हणजे तो बाहेरून आला आहे. पुढे आम्लात उकळून बेरियम क्लोराइड घातलं, तर आमच्या अर्काला सल्फेटमुळे दुधासारखा गढूळपणा आला, तुमचं द्रावण जवळपास नितळच राहिलं. फ्युकॉइडनचे गुण बरेचसे त्याच्या सल्फेटवर अवलंबून असतात, आणि नेमकं तेच इथे नाही.

फोनवर तुमचे प्रतिनिधी म्हणाले, "मॅडम, तुमची पद्धत चुकली असेल." दोन्ही नमुने एकाच दिवशी, एकाच बाटलीतली रसायनं वापरून तपासले आहेत. मुलींनी तीनदा करून पाहिलं. त्यांच्या मेहनतीबद्दल असं बोललेलं मला सहन झालं नाही.

तुमच्या प्रमाणपत्रातले 85 टक्के फिनॉल-सल्फ्युरिक आम्लाच्या चाचणीने काढलेले आहेत. ती चाचणी एकूण शर्करा मोजते. भाताची पेज घातली तरी तोच नारिंगी रंग येईल! फ्युकोज (फ्युकॉइडनमधली खास शर्करा) किती, सल्फेट किती, याचा त्या कागदावर एक आकडाही नाही.

आमचे पैसे परत करा, किंवा दुसऱ्या बॅचमधली बाटली सल्फेट आणि फ्युकोजच्या आकड्यांसह पाठवा. हीच पावडर कॅप्सूल बनवणाऱ्यांनाही पुरवता, असं तुमच्या माहितीपत्रकात आहे. ज्यांनी ही बॅच घेतली त्या सगळ्यांना लेखी कळवा. लोक ती औषध समजून घेत असतील.

उरलेली पावडर सीलबंद करून ठेवली आहे. सांगाल त्या प्रयोगशाळेत पाठवते. 15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक आयोगाकडे जाईन.

कळावे,
आपली,
वनस्पतिशास्त्र विभागातील एक शिक्षिका