‘सेटल्ड’ आणि ‘क्लोज्ड’मधला फरक दाखवणाऱ्या साहेबांना

मार्केट यार्ड, सांगली

आदरणीय साहेब,

सप्रेम नमस्कार.

बँकेतून निवृत्त झालेला माणूस आमराईत दोन फेऱ्या मारतो आणि पेपर वाचत बसतो. तुम्ही मात्र आमच्यासारख्या कर्जाच्या फाइली करणाऱ्यांच्या टेबलाशी येऊन बसलात आणि अडलेले कागद एकेक करून सोडवून दिलेत. फी नाही, चहासुद्धा बिनसाखरेचा. आभार चारचौघांत मानतोय, कारण तुम्ही दाखवलेली वाट हळदीच्या अडत्यापासून तासगावच्या बागायतदारापर्यंत सगळ्यांच्या उपयोगाची आहे.

‘सिबिल आणा’, म्हणजे कर्जफेडीचा इतिहास आणा, म्हटलं की लोक मोबाइलवरचा स्कोअरचा आकडा पुढे करतात. तुम्ही आकड्याकडे बघतच नाही. ‘पूर्ण रिपोर्ट आण, तोही चारही ठिकाणचा,’ एवढंच म्हणता. ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चार क्रेडिट माहिती कंपन्या, प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, हे आजही निम्म्या लोकांना ठाऊक नसतं. आणि एका ठिकाणी दुरुस्त झालेली नोंद दुसरीकडे तशीच राहू शकते. नवी बँक नेमकी तिथेच बघते.

मग तुमची पेन्सिल निघायची. रिपोर्टमधल्या कर्जखात्याच्या पानावर महिन्यांच्या चौकटी असतात, छत्तीस महिन्यांपर्यंतच्या. ०००, ०००, ०३०, ०६१, ०९१. हप्ता किती दिवस रखडला, ते त्यात दिसतं. नव्वद दिवस ओलांडले की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या हिशेबी थकीत. लोक या आकड्यांकडे बघून घाबरतात. तुमचे तीन गोल दुसरीकडेच पडायचे: खात्याची स्थिती, थकीत रक्कम, आणि बँकेने शेवटची माहिती कळवली ती तारीख. तिसऱ्या गोलाने आमचे डोळे उघडले. पैसे भरून वर्ष झालं तरी ती तारीख भरण्याच्या आधीची असेल, तर बँकेने पुढची माहिती पाठवलेलीच नाही. सिबिलच्या नावाने बोटं मोडून उपयोग नाही, शाखेत जायचं.

‘राइट ऑफ’ या शब्दाने तर कितीतरी जणांना फसवलंय. कर्ज माफ झालं, असं समजून माणूस निर्धास्त होतो. बँकेने ती रक्कम आपल्या ताळेबंदातून बाजूला काढलेली असते, इतकंच. देणं तसंच असतं आणि वसुलीही चालू राहते.

‘सेटल्ड’चं गणित तुम्ही कोऱ्या पावतीच्या पाठीवर मांडून दाखवलंत. येणं १,८०,०००, तडजोड १,१०,००० ला, बँकेने सोडले ७०,०००. हे ७०,००० सोडल्याची खूण म्हणजेच ‘सेटल्ड’. पुढचा मॅनेजर ते वाचून म्हणतो, याने पूर्ण फेडलं नाही. खूण काढायची तर उरलेली रक्कम भरून खातं ‘क्लोज्ड’ करून घ्यायचं. पण आधी शाखेकडून लेखी पत्र घ्यायचं: नेमकी रक्कम किती, कोणत्या तारखेपर्यंत, आणि ती भरल्यावर स्थिती काय कळवणार. वसुलीवाल्याच्या फोनवर विसंबून एक रुपया द्यायचा नाही, रोख तर नाहीच. पैसे थेट कर्जखात्यात एनईएफटीने टाकायचे आणि त्या व्यवहाराचा यूटीआर नंबर जपून ठेवायचा.

बेबाकी दाखल्याचं, म्हणजे काही येणं बाकी नाही या दाखल्याचं, वाक्य तुम्ही आम्हाला घोकून घ्यायला लावलंत. त्यात कर्ज खाते क्रमांक आणि बंद झाल्याची तारीख हवी, ‘येणे बाकी शून्य’ हवं, आणि ‘सर्व क्रेडिट माहिती कंपन्यांना स्थिती क्लोज्ड व थकबाकी शून्य अशी कळवण्यात येईल’ हे शब्दही हवेत. दाखल्यात ‘पूर्ण व अंतिम तडजोड’ असं छापलं असेल तर तो परत करायचा, कारण त्या शब्दांमुळे रिपोर्टवर पुन्हा ‘सेटल्ड’च उमटतं. कर्ज दुसऱ्या कंपनीला विकलं असेल तर दाखला त्या नव्या मालकाचा लागतो. जुन्या शाखेत हेलपाटे मारण्यात लोकांचे महिने जातात.

त्यानंतर तक्रार. रिपोर्टवरचा कंट्रोल नंबर टाकून त्या त्या क्रेडिट माहिती कंपनीच्या साइटवर ऑनलाइन वाद नोंदवायचा. पैसे लागत नाहीत. कंपनी स्वतःच्या मनाने नोंद बदलत नाही, ती बँकेला विचारते. म्हणून त्याच दिवशी शाखेतही अर्ज द्यायचा आणि पोचपावती घ्यायची. तक्रार ३० दिवसांत निकाली निघायला हवी, त्यातले २१ दिवस बँकेचे. त्यापुढे रोज १०० रुपये भरपाई, हा रिझर्व्ह बँकेचा नियम २६ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तक्रारीत स्वतःच्या बचत खात्याचा तपशील द्यायला तुम्ही आवर्जून सांगता. भरपाई जमा करायला जागा तर हवी! तरीही दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, तक्रारींच्या सीएमएस पोर्टलवर जायचं, तेही विनामूल्य. चौकशीसाठी फोन १४४४८.

आपल्या भागात अर्धी कर्जं पतसंस्थांची. तिथे हा लोकपाल चालत नाही, सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयातच जावं लागतं. हे तुम्ही सांगितलं नसतं तर कितीजणांचे अर्ज चुकीच्या दारात पडून राहिले असते.

‘वीस हजार द्या, सिबिल धुऊन देतो’ म्हणणाऱ्यांवर तुम्ही भडकायचात, ते आम्हाला मनापासून पटलं. चुकलेल्या हप्त्याची नोंद खरी असेल तर ती कुणीही पुसू शकत नाही. ती मागे पडते, नवे महिने पुढे येतात. एफडीवर छोटं क्रेडिट कार्ड घेऊन बिल वेळेत भरत राहणं, एवढाच त्यावरचा इलाज. बिनबुडाची तक्रार केली तर ती फेटाळली जाते आणि स्कोअर आहे तिथेच राहतो.

तुमच्या पेन्सिलचे ते तीन गोल आता आम्ही टेबलाच्या काचेखाली ठेवलेत. फाइल घेऊन येणारा आधी त्यावर बोट ठेवतो, मग खुर्चीत बसतो.

आपले नम्र,
मार्केट यार्डातले फाइली करणारे

ता. क. जामीनदाराच्या रिपोर्टमध्येही ते कर्ज दिसतं, हे तुमचं सांगणं विसरलो नाही. खातं ‘क्लोज्ड’ झालं की जामीनदाराचा रिपोर्टही काढायला सांगतो, आणि दाखल्याची एक प्रत त्याच्याकडे देतो.