बारी नावाची गावं, बारी नावाची माणसं

नाशिक

प्रिय मित्रा,

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. सोबत पाठवलेला आजोबांच्या पानमळ्याचा फोटो टेबलावर समोरच ठेवलाय. शेवरीवर चढलेल्या नागवेली, खाली ओलसर सावली आणि अनवाणी उभे आजोबा. चप्पल घालून मळ्यात पाऊल टाकायचं नाही, हा त्यांचा दंडक मला अजून आठवतो.

तू लिहिलंस की मेळाव्यात कुणी सांगितलं, इटलीत बारी शहर आहे, आफ्रिकेत बारी जमात आहे, दक्षिण अमेरिकेतही बारी आहेत; म्हणजे पानमळे जोपासणारा तुमचा बारी समाज कधीकाळी जगभर गेला होता. 'खरं असेल का रे?' या तुझ्या प्रश्नात इतका आनंद होता की उत्तर लिहायला माझा हात धजेना. पण तुझ्याशी खोटं बोलणं मला जमणार नाही. हे खरं नाही.

इटलीतलं बारी एड्रियाटिक समुद्रावरचं जुनं बंदर. रोमन लोक त्याला बारियम म्हणत. १०८७ मध्ये तिथल्या खलाशांनी आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावातून संत निकोलसच्या अस्थी आणल्या. हाच पुढे मुलांचा सांताक्लॉज झालेला संत. त्याच बंदरावर २ डिसेंबर १९४३ ला जर्मन विमानांनी बॉम्ब टाकले. जॉन हार्वे या अमेरिकन जहाजात मस्टर्ड वायूचे बॉम्ब गुपचूप भरलेले होते. ते फुटले आणि पाण्यात पडलेली माणसं कशानं मरताहेत हे डॉक्टरांना कळेना. स्टुअर्ट अलेक्झांडर या अमेरिकन लष्करी डॉक्टरनं कारण शोधलं. या विषानं रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्यानं घटतात, ही त्याची नोंद कर्करोगावरच्या औषधांच्या शोधाला बळ देऊन गेली. काकूंच्या केमोथेरपीच्या वेळी आपण दवाखान्याच्या बाकावर रात्री काढल्या, म्हणून हे तुला सांगावंसं वाटलं. त्या गावाशी तुझं नातं असलंच तर ते असं आहे, रक्ताचं नाही.

आफ्रिकेतले बारी दक्षिण सुदानमध्ये, जुबाच्या आसपास पांढऱ्या नाईलच्या काठी राहतात. त्यांची भाषाही बारी. तिचं नातं मसाईंच्या भाषेशी लागतं, आपल्या कुठल्याच भाषेशी नाही. तिथून बरंच पूर्वेला, सोमालियाच्या टोकाला बारी नावाचा प्रांत आहे. सोमाली भाषेत 'बरी' म्हणजे पूर्व दिशा, आणि आफ्रिकेच्या मुख्य भूमीचं सगळ्यात पूर्वेचं टोक, रास हाफून, याच प्रांतात येतं.

दक्षिण अमेरिकेतल्या बारींपाशी मी सगळ्यात जास्त रेंगाळलो. कोलंबिया आणि व्हेनेझुएलाच्या सीमेवर, काताटुंबो नदीच्या खोऱ्यात ते राहतात. ते स्वतःला बारी म्हणवतात. स्पॅनिश लोकांनी मात्र त्यांचे आखूड कापलेले केस पाहून त्यांना 'मोतिलोन' नाव दिलं. शेजारच्या युक्पा लोकांनाही तेच नाव चिकटवलं. युक्पांची भाषा कॅरिब कुळातली, बारींची चिबचा कुळातली. भाषा निराळ्या, तरी परक्यांनी दोघांना एका नावात कोंबलं, आणि भेद करायचा झाला तर एकाला 'रानटी' मोतिलोन म्हटलं, दुसऱ्याला 'माणसाळलेला' मोतिलोन. हे वाचताना मला फार वाईट वाटलं. आपणही त्यांना आपल्यात ओढलं, तर त्यांच्यावर आणखी एक परकं नाव लादल्यासारखंच होईल ना?

शिवाय घोळ लिपीचाही आहे. रोमनमध्ये लिहिलं की आपलं 'बारी', सोमालींचं 'बरी', बंगाल्यांचं घर म्हणजे 'बाडी', सगळं एकाच साच्याचं दिसतं. कानानं ऐकलं असतं तर असा गोंधळ झाला नसता.

आणि इतक्या लांब कशाला जायचं? आपल्याच भागात बघ. कळसूबाईच्या पायथ्याशी बारी गाव आहे. आमच्या नाशिककडे बारी म्हणजे डोंगरातली खिंड. बागलाणात सेलबारी आहे, डोलबारी आहे. सुरतेच्या दुसऱ्या लुटीनंतर परतताना ऑक्टोबर १६७० मध्ये महाराजांची मोगल सरदार दाऊदखानाशी गाठ पडली ती कांचनबारीजवळ. कोकणात दोन बुवा समोरासमोर भजनाला बसतात ती डबलबारी. पंजाबात बारी दोआब आहे, दोआब म्हणजे दोन नद्यांमधला प्रदेश; तिथलं 'बारी' म्हणजे बियास आणि रावी यांच्या नावांचा जोड, लाहोर आणि अमृतसर त्यातच येतात. यातल्या एकाही बारीनं नागवेल लावलेली नाही.

तुमची बारी माझ्या मते वाडी-बाडीच्या घरातली: कुंपणानं राखलेली, वारा आणि ऊन अडवून जोपासलेली बाग. हा माझा अंदाज आहे, पण आजोबांचा मळा ज्यानं पाहिलाय त्याला तो पटावा. तुम्ही नागपंचमीला वेलीला हात लावत नाही, पानं कोवळी असताना खुडणाऱ्याच्या नखाचीही काळजी घेता. हे सगळं इटलीच्या किंवा नाईलच्या आधाराशिवाय उभं आहे.

एक काम कर. काकूंना विचार, 'बारी' शब्दाचा अर्थ आजोबा काय सांगायचे? तुमच्या घरात पानाच्या जाती, वेलीचे रोग, उतरणीचे दिवस यांचे जे शब्द आहेत ते वहीत उतरवून घे. काकूंच्या पिढीनंतर ते सांगणारं कोण उरेल, या विचारानं मला खरंच धास्ती वाटते.

नवरात्रात इकडे ये. घोटीवरून बारीला जाऊ, पहाटे चढायला लागू. वही सोबत आण.

तुझाच