मॉरिशसचा पोपट आणि आपला राघू

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मॉरिशसच्या सहलीवर लेख आला की त्यात समुद्र, उसाचे मळे आणि नामशेष डोडो हमखास असतो. त्याच बेटावर आजही उडणाऱ्या ‘एको’ पोपटाबद्दल मात्र ओळही नसते, म्हणून हे पत्र.

ब्लॅक रिव्हर गॉर्जेसच्या जंगलात मी तो गेल्या वर्षी पाहिला. हिरवा रंग, गळ्याला कंठ. आधी वाटले, आपलाच राघू. मग झाडावर बसवलेल्या लाकडी पेटीतून मादीने डोके बाहेर काढले. चोच काळी कुळकुळीत! आपल्या मादीची चोच लाल असते. जगात फक्त याच बेटावर असलेला पक्षी इतक्या जवळून पाहताना डोळे भरून आले.

1980 च्या दशकात हे पोपट जेमतेम दहा-बारा उरले होते. जंगल तुटले, ढोलीची जुनी झाडे गेली, अंड्या-पिलांवर उंदीर आणि माकडे टपलेली. मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशन आणि पक्षी-संवर्धक कार्ल जोन्स यांच्या चमूने एकेक घरटे राखले. बुंध्यांना गुळगुळीत प्लास्टिक गुंडाळले, पेट्या बसवल्या, जंगलात खाऊ ठेवला. घरट्यातले धाकटे पिल्लू बहुधा उपाशी मरते. ते आधीच काढून हाताने वाढवले किंवा रिकाम्या घरट्यातल्या जोडीच्या पदरात घातले. 2019 पर्यंत संख्या साडेसातशेच्या आसपास गेली. तरी पेट्या आणि खाऊ यांवरची भिस्त सुटलेली नाही, कारण चांगले मूळ जंगल दोन टक्केही उरलेले नाही.

मला सर्वांत लागले ते वेगळेच. ढोल्या बळकावणाऱ्यांत आपला राघू आणि आपली साळुंकीही आहे. एकोणिसाव्या शतकात माणसांनी नेलेला राघू तिथे मोकळा सुटला आणि आता हजारोंनी आहे. 2004-05 मध्ये एको पोपटांत चोच आणि पिसांच्या रोगाची साथ आली; तो विषाणू राघूंमध्येही सापडतो. यात त्या पाखराचा काय दोष? पिंजरा माणसाचा.

आपल्याकडेही 1972 च्या वन्यजीव कायद्याने राघू पाळायला बंदी आहे, तरी आठवडी बाजारात पिल्ले मिळतातच. रत्नागिरी-सिंधुदुर्गातून गेलेल्यांचे वंशज मॉरिशसमध्ये आहेत, इथून नवविवाहित जोडपी दरवर्षी फिरायला जातात. आपल्या पर्यटन पुरवणीत पुढच्या वेळी या पोपटाला निदान एक रकाना आणि मादीच्या काळ्या चोचीचा फोटो द्यावा, ही विनंती.

— एक वाचक, चिपळूण