गाळप परवान्याच्या अर्जात एक रकाना कमी आहे

मा. सहकार मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : ऊसतोड कामगारांच्या मुलांचं संरक्षण आणि साखर कारखान्यांचा गाळप परवाना

महोदय,

सप्रेम नमस्कार.

मुलांच्या शोषणाबद्दलचं पत्र सहकार खात्याला कशाला, असा प्रश्न आपल्या कार्यालयाला पडेल आणि हा कागद ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ महिला व बालविकास विभागाकडे वर्ग होईल. कृपया तसं होऊ देऊ नका. त्या विभागाकडे हा विषय वर्षानुवर्षं आहे. तिथे तो का सुटत नाही हे मी आतून पाहिलं आहे, म्हणूनच आपल्याला लिहिते आहे.

मी वकील आहे. मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या बालकल्याण समितीवर मी सदस्य होते. बाल न्याय कायदा, 2015 प्रमाणे एक अध्यक्ष, चार सदस्य आणि न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार, असा या समितीचा कागदावरचा थाट असतो. कोणतंही संकटातलं मूल चोवीस तासांच्या आत आमच्यासमोर हजर झालं पाहिजे, असं कायदा सांगतो. हजर झालेल्या मुलांबद्दल नंतर कधीतरी लिहीन. आज लिहायचं आहे ते दर ऑक्टोबर-नोव्हेंबरात आमच्या हातून निसटून उसाच्या फडात जाणाऱ्या मुलांबद्दल.

एका मुलीचं सांगते. दिवाळीच्या तोंडावर कुणीतरी 1098 या बालमदत क्रमांकावर फोन केला आणि तिचं लग्न थांबलं. महिला पोलीस शिपाई तिला घेऊन आल्या तेव्हा ऑफिस बंद व्हायची वेळ झाली होती. आधार कार्डावर जन्मतारीख होती 1 जानेवारी, आणि त्या हिशेबाने ती अठरा पूर्ण. शाळेच्या निर्गम उताऱ्यावर मात्र जेमतेम पंधरा. (मराठवाड्यात 1 जानेवारीला जन्मलेली माणसं मोजायला बसलात तर थक्क व्हाल.) वय ठरवताना शाळेचा दाखला आधी धरायचा हे कायद्याच्या कलम 94 मध्ये आहे, त्यामुळे तो प्रश्न मिटला. मुलगी लग्नाबद्दल एक अक्षर बोलली नाही. तिने एवढंच विचारलं, दहावीच्या फॉर्मची तारीख निघून जाईल का? सरांनी परवाच आठवण केली होती म्हणे.

पुढे जे होतं ते ठरलेलं आहे. आईवडिलांकडून हमीपत्र घेतात : मुलीचं अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत लग्न करणार नाही, केल्यास कारवाईस पात्र राहू. खाली वडिलांचा अंगठा, आईचा अंगठा, सरपंचाची सही. मुलगी घरी जाते. आदेशाची प्रत ग्रामसेवकाला जाते, कारण आपल्या राज्यात गावचा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी तोच. जानेवारीत त्याचा अहवाल आला : ‘सदर कुटुंब ऊसतोडीस गेले असून घर बंद आहे.’ अहवालात काहीच खोटं नव्हतं. घर खरंच बंद होतं. त्या मुलीचं नाव पुन्हा माझ्यासमोर आलं ते एका ग्रामीण रुग्णालयाच्या पत्रात. अल्पवयीन गरोदर मुलगी आली की पॉक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या) कलम 19 प्रमाणे पोलिसांना कळवणं रुग्णालयाला बंधनकारक आहे. त्यांनी कळवलं. त्या साखळीत वेळेवर झालेलं काम तेवढं एकच.

लग्न कारखान्यावर लागलं होतं. कोणत्या, ते लिहीत नाही, कारण तो कारखाना काही वेगळा नाही.

आपण सहकारातले आहात, ‘कोयता’ म्हणजे काय हे मी आपल्याला सांगण्याची गरज नाही. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकट्या माणसाचा अर्धा. टोळी जमवणारा मुकादम उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, देतो ती जोडीला. घरात वयात आलेला मुलगा असेल तर त्याचं लग्न लावलं की एक नवा कोयता उभा राहतो आणि त्याची वेगळी उचल मिळते. मुलीच्या बाजूचं गणित वेगळं आहे. तिला गावात ठेवायचं तर म्हातारीच्या भरवशावर, आणि सोबत न्यायचं तर कोपीत, म्हणजे तळावरच्या तात्पुरत्या झोपडीत, जिथे दाराला कडी नाही, मुळात दारच नाही. पहाटे आईबाप फडात गेले की ती लहान भावंडांना घेऊन एकटी. अंघोळीला आडोसा म्हणजे चार काठ्यांना बांधलेलं लुगडं. रात्रीबेरात्री गाडी भरायला आलेले ड्रायव्हर, क्लीनर, टोळीतले इतर पुरुष. आईबाप लेकीचं लग्न लवकर उरकतात ते तिच्या जिवावर उठलेत म्हणून नाही. या व्यवस्थेत तिच्या रक्षणाचा तेवढा एकच मार्ग त्यांना दिसतो. बालविवाहविरोधी पथनाट्यं करणाऱ्यांना हे कधीतरी कुणीतरी सांगायला हवं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रात 20 ते 24 वयोगटातल्या 21.9 टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. बीडमध्ये 43.7 टक्के. परभणीत 48. कारखान्यांना टोळ्या पुरवणारे जिल्हे आणि हे आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहा.

आता सरकारने काहीच केलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. योजना आहेत. जिल्हा परिषद शाळांमध्ये हंगामी वसतिगृहं चालतात, म्हणजे आईबाप गेल्यावर मुलं गावातच राहतात आणि शाळेत दोन वेळ जेवतात. स्थलांतर करणाऱ्या मुलासाठी शिक्षण हमी कार्ड आहे, ते दाखवलं की कारखान्याजवळच्या शाळेने त्याला बसवून घ्यायचं. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे आणि 2021 मध्ये संत भगवानबाबा यांच्या नावाने 41 तालुक्यांत मुलामुलींची मिळून 82 वसतिगृहं मंजूर झाली. पण हंगामी वसतिगृह आठवीपर्यंतच्या मुलांसाठी. चौदाव्या वर्षी मुलगी त्यातून बाहेर पडते, म्हणजे धोका सुरू होतो नेमका त्याच वर्षी. नववी-दहावीच्या मुलीसाठी तालुक्याच्या वसतिगृहात जागा मिळाली तर मिळाली. नाहीतर कोपी, नाहीतर मांडव.

आणि मूल एकदा जिल्ह्याची हद्द ओलांडून गेलं की ते कुणाचंच नसतं. आमच्या समितीचे अधिकार जिल्ह्यापुरते. कोल्हापूर किंवा सांगलीच्या समितीला आमची यादी कोण पाठवणार? शाळेकडे स्थलांतरित मुलांची यादी असते, ती शिक्षण विभागाच्या फाइलीत राहते. कामगार विभागाचं म्हणणं, हे शेतीचं काम. कारखान्याचं म्हणणं, मजूर आमचे नाहीत, आमचा करार वाहतूकदाराशी. वाहतूकदार मुकादमाकडे बोट दाखवतो. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा 1979 चा कायदा (2025 मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली) राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांसाठी होता. त्यामुळे बीडहून बेळगावला गेलेल्या मजुराला निदान कागदावर त्याचा आधार सांगता येत होता, बीडहून कोल्हापूरला गेलेल्याला तोही नव्हता. फडात एखाद्या मुलीवर अत्याचार झाला तर गुन्हा घडल्या ठिकाणच्या न्यायालयात खटला उभा राहतो. पॉक्सोप्रमाणे न्यायालयाने दखल घेतल्यापासून तीस दिवसांत मुलीची साक्ष व्हायला हवी. प्रत्यक्षात पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की कुटुंब तीनशे-चारशे किलोमीटर मागे गावी परततं आणि समन्स पोचतं ते रिकाम्या झालेल्या कोपीवर. उचल फिटलेली नसेल तर तक्रार मागे घ्यायला मुकादमाला आवाजही चढवावा लागत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने 18 ऑक्टोबर 2024 च्या निकालात सांगितलं आहे की बालविवाह रोखण्यासाठी जिल्हा पातळीवर दुसरं कोणतंही काम नसलेला अधिकारी असावा. चांगलं आहे, तो नेमावा. पण तोही बसणार आमच्याच जिल्ह्यात. घर बंद असल्याचा अहवाल मग जरा वरच्या हुद्द्याच्या सहीने येईल.

म्हणून आपल्याकडे आले आहे. या सगळ्या प्रवासात एकच यंत्रणा अशी आहे जिच्या नजरेतून काही सुटत नाही, आणि ती आपल्या खात्याखाली येते.

वजनकाट्यावरची पावती आठवा. गाडीचा नंबर, वाहतूकदाराचा कोड, शेतकऱ्याचं नाव, गट नंबर, भरलेलं वजन, रिकामं वजन, वेळ. कोणत्या टोळीने कोणत्या फडातला किती ऊस तोडला हे कारखान्याच्या शेती खात्याला रोज संध्याकाळी माहीत असतं. कारखान्याच्या चिठ्ठ्या सांभाळणारे कर्मचारीही आहेत : स्लिपबॉय कोपीच्या दारातून जातो, चिटबॉय टोळीला नावानिशी ओळखतो. उचल बुडवून एखादा कोयता पळाला तर त्याच्या वाडीवर, त्याच्या नेमक्या घरासमोर गाडी जाऊन उभी राहते. पत्ता सापडला नाही असं तेव्हा होत नाही. ज्या माणसांचे पत्ते वसुलीसाठी मिळतात, त्यांच्या लेकरांची नोंद करताना मात्र ‘मजूर आमचे नाहीत’.

गाळप परवाना साखर आयुक्तालय देतं. दरवर्षी द्यावा लागतो. हंगाम कधी सुरू करायचा हे मंत्री समितीच्या बैठकीत ठरतं आणि त्या बैठकीत आपण असता. शेतकऱ्याची एफआरपी (उसाचा केंद्राने ठरवलेला किमान दर) थकली की आपलंच खातं परवाना अडवून धरतं, हे राज्याने पाहिलं आहे. चौदा दिवसांत पैसे दिले नाहीत तर 15 टक्के व्याज, पुढे आरआरसी (महसुली वसुलीचा दाखला), जिल्हाधिकाऱ्यांमार्फत साखरेची जप्ती. शेतकरी संघटना रस्त्यावर उतरल्या, कोर्टात गेल्या, म्हणून हे घडलं. मजुरांचे लवाद बसतात, 2024 च्या जानेवारीत तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झाली तीही संपाच्या धाकाने. मुलांचा संप होत नाही.

माझी मागणी त्यामुळे फार मोठी नाही, आणि तिला नवा कायदाही लागत नाही असं माझं मत आहे. परवान्याच्या अर्जासोबत कारखान्याने आपल्या प्रत्येक टोळीतल्या अठरा वर्षांखालच्या मुलामुलींची यादी द्यावी : नाव, शाळेच्या दाखल्यावरचं वय, मूळ गाव, मूळ शाळा. यादी हंगाम सुरू होताना एकदा, मध्ये एकदा आणि पट्टा पडताना एकदा. तिची प्रत दोन्ही जिल्ह्यांच्या बालकल्याण समित्यांना जावी, आमच्याही आणि कारखान्याच्याही. यादीतली पंधरा वर्षांची मुलगी मधल्या यादीत दिसली नाही, किंवा ‘कोयता’ म्हणून दिसू लागली, तर कारखान्याला विचारणा व्हावी. चौदाच्या आतलं मूल मोळ्या वाहताना सापडलं तर पुढच्या वर्षीच्या परवान्यावर त्याचा परिणाम व्हावा. टोळीचा तळ जिथे पडतो तिथे कडी लागणारं दार, संडास आणि दिवा हे कारखान्याने द्यावं, वाहतूकदाराने नव्हे. मूळ गावात राहू शकतील अशा नववी ते बारावीच्या मुलींसाठी वसतिगृहाची सोय करायला सामाजिक न्याय विभागाला सांगावं लागेल. तिथे आपला शब्द चालेल.

संचालक मंडळं काय म्हणतील ते मला माहीत आहे. शेजारचा कारखाना विचारत नाही, आम्ही विचारलं तर टोळ्या तिकडे जातील. बरोबर आहे. म्हणूनच हे एका कारखान्याच्या चांगुलपणावर सोडून चालत नाही. राज्यातल्या दोनशेच्या आसपास कारखान्यांना एकाच दिवशी एकच अट लागली, तर टोळ्या पळवायला जागा उरत नाही. दुसरी हरकत अशी की मुकादम खोटी वयं लिहून देतील. देतील, सुरुवातीला नक्की देतील. पण एफआरपीचे आकडेही सुरुवातीला खोटेच येत होते, आपल्याच आयुक्तालयाने ते तपासायला शिकवलं. शाळेचा दाखला जोडायला लावा, 1 जानेवारीवाली मंडळी आपोआप कमी होतील.

आणखी एक. यादी मागताना आईबापांवर गुन्हे दाखल करायची सुरुवात कृपया करू नका. तसं झालं तर पहिल्याच वर्षी मुलं कोपीतून नाहीशी होतील आणि उसाच्या सऱ्यांत लपवली जातील. जबाबदारी ज्याच्या हातात परवाना आहे त्याच्यावर टाका.

मंत्री समितीची पुढची बैठक पावसाळा संपता संपता होईल. त्याआधी परवाना अर्जाचा नमुना आयुक्तालयातून मागवून घ्या आणि त्यात हा रकाना घालणार की नाही, एवढं लेखी कळवा. नाही म्हणणार असाल तर कोणत्या नियमाखाली नाही, तेही कळवा, म्हणजे उच्च न्यायालयात जाताना मला आपलं म्हणणं अंदाजाने मांडावं लागणार नाही.

आपली,
एक वकील, बालकल्याण समितीच्या माजी सदस्य